कोऱ्या काठीची पलटण

नेव्हिल : डग, काहीतरी बोल.

डग : विचार करतोय.

नेव्हिल : मग तोंडाने कर ना विचार. गप्प नको बसू.

डग : तोंडाने केला तर तुला ऐकू येईल. शत्रू आहेस तू माझा. निदान संध्याकाळपर्यंत.

नेव्हिल : बरा आहेस ना पण? हात वर करून दाखव बघू.

डग : कुठला? उजवा तर पक्षाघाताचा झटका आल्यापासून वर होत नाही, आणि डाव्यात माझे ऑस्ट्रियन शिपाई आहेत.

नेव्हिल : बरं, बरं. सॉसेज रोल घे. हीटर तुझ्याकडे वळवू का? ह्या गॅरेजच्या दारातून गार वारा येतो. गाडी आत होती तेव्हा बरं होतं, पण मग टेबल मावत नाही.

डग : नेव्ह, तू आज फार बोलतोयस.

नेव्हिल : मी नेहमीच फार बोलतो.

डग : नेहमी माझी खेळी बिघडवायला बोलतोस. आज मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस. फरक कळतो मला. हं, ही पलटण इथे. शेतघराच्या पुढे.

नेव्हिल : पुढे? उघड्यावर?

डग : उघड्यावर.

नेव्हिल : लेका, शेतघराला चांगली दगडी भिंत आहे. मी स्वतः कापून चिकटवलीय ती. भिंतीमागे ठेव ना त्यांना. नवीकोरी पलटण आहे, रंग अजून बोटाला लागत असेल. आणि नवा रंग पहिल्या लढाईत पळतो, हे तुला मी सांगायचं? जगात जिथे जिथे म्हातारी माणसं टेबलावर शिशाचे शिपाई लढवतात ना, तिथे तिथे विचार. हेच सांगतील.

डग : ठाऊक आहे.

नेव्हिल : मग टेकडीआड ठेव. लढाई बघू दे त्यांना. शेवटी शेवटी एखादी फैर झाडतील, पळणार नाहीत, मी निशाण चिकटवतो. झालं.

डग : लपून बसलेल्यांना निशाण?

नेव्हिल : नियमात बसतं की. पलटण पहिल्या लढाईत टिकली तर समोरच्याने आपल्या हाताने निशाण लावायचं. पळाली तर काठी कोरी, पुढच्या वेळी बघू. कुठे उभी होती, ह्याबद्दल नियमात काही नाही.

डग : नियम आपण दोघांनीच केला, नेव्ह. ह्याच गॅरेजमध्ये. तेव्हा तुला केस होते.

नेव्हिल : केसांवर जाऊ नकोस. जरा जवळून बघू दे तुझे वीर. चष्मा... हं. अरे, पांढरा गणवेश कशाला घेतलास पण? निळे फ्रेंच रंगवायचे. निळ्यात सगळं खपून जातं. पांढऱ्यावर ब्रश एवढासा हलला तरी दिसतो.

डग : म्हणूनच पांढरा.

नेव्हिल : ह्या अधिकाऱ्याची मिशी कपाळावर गेलीय.

डग : वारा होता.

नेव्हिल : आणि हा ढोलवाला?

डग : त्याचं काय?

नेव्हिल : काही नाही. छान आहे. दोन्ही डोळे आहेत त्याला. एकाच बाजूला आहेत, पण आहेत.

डग : हस. हसलास तर बरं वाटतं. मघाशी कौतुक करत होतास तेव्हा अंगावर काटा आला होता.

नेव्हिल : नाही रे, हसत नाही. ह्या गावातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या तू रंगवल्यास. इन्व्हरमे रोडवरच्या त्या खाटकाच्या पाटीवरचं डुक्कर अजून हसतंय. अख्ख्या टास्मानियात तुझ्यासारखा सरळ हात कुणाचा नव्हता.

डग : ते उजव्या हाताचं डुक्कर. हे डाव्या हाताचे शिपाई. फिजिओवाली बाई म्हणाली, ह्या भोकांत ह्या खुंट्या घाला, रोज. बालवाडीतल्यासारख्या, रंगीत. मी म्हटलं, बाई, तुमच्या खुंट्या तुम्हाला लखलाभ, मला माझे ऑस्ट्रियन द्या. अख्खा हिवाळा गेला. एकेका पट्ट्याला एकेक सकाळ. पट्टा चुकला की पुसायचा, परत काढायचा.

नेव्हिल : मला द्यायचे होतेस. मी बारीकसारीक हात फिरवून दिला असता.

डग : म्हणूनच दिले नाहीत. तुझी खेळी.

नेव्हिल : हं. माझी खेळी. तर माझ्या तोफा... टेप कुठे गेली... हां. इथून तुझ्या पलटणीपर्यंत... नाही पोचत. थोडक्यासाठी राहिलं बघ.

डग : टेप परत लाव.

नेव्हिल : लावली की आत्ता.

डग : तोफेच्या चाकांमागून लावलीस. तोंडापासून लावतात. आयुष्यभर भिंतीवर अक्षरं आखलीत मी, अंतर मला बसल्या जागेवरून दिसतं. तुझा गोळा माझ्या पलटणीत पडून पलीकडच्या शेतात जातो.

नेव्हिल : असेल. चष्म्याचा नंबर बदललाय.

डग : मघाशी तुला मिशी कपाळावर दिसली.

नेव्हिल : बरं बाबा, पोचतो. टाकतो फासे. हे घे, चुकला. समाधान?

डग : चुकला तर चुकला. फासे खोटं बोलत नाहीत. आता मला सांग, तुझं चिलखती घोडदळ जेवण झाल्यापासून त्या झाडीमागे काय करतंय?

नेव्हिल : राखीव ठेवलंय.

डग : कशासाठी?

नेव्हिल : राखीव म्हणजे राखीव. गवत खातंय.

डग : ते घोडे तू आजवर कधी टेबलावर टिकू दिलेस? माझं पायदळ उघड्यावर दिसलं की तुझ्या हाताला खाज सुटते. जिंकत असलास तरी सोडतोस, हरत असलास तरी सोडतोस. एकदा तर माझी मांडणी व्हायच्या आत सोडलेस, मी चहा ओतत होतो. आणि आज समोर नवी पलटण आहे, आडोसा नाही, बाजू मोकळी आहे. आणि तुझे घोडे गवत खातायत.

नेव्हिल : वय झालं माझं. शहाणपण आलंय.

डग : शहाणपण. तुला.

नोएलीन : दार उघडा रे कुणीतरी, माझे दोन्ही हात अडकलेत. हां, राहू दे, कोपराने उघडलं. झालं का निशाण लावून? केक आणलाय.

डग : कसला केक, नोएलीन?

नोएलीन : पॅशनफ्रूटचा. वरून फेटलेली साय लावलीय, तुला आवडते तशी. कुठे ठेवू? तुमच्या ह्या बाहुल्यांमध्ये इंचभर जागा नाही. ही नदी खरी आहे का?

डग : कशाबद्दल केक?

नोएलीन : तुझ्या विजयाबद्दल. नेव्हिल म्हणाला, चहाच्या वेळेपर्यंत डग जिंकेल, निशाण लावू, मग कापू.

नेव्हिल : नोएलीन.

नोएलीन : काय नोएलीन? सकाळी तूच अंडी फेटून दिलीस. म्हणजे? तो जिंकणार आहे हे त्याला अजून सांगितलं नाहीस?

(डग एकेक शिपाई डाव्या हाताने उचलून पत्र्याच्या पेटीत ठेवू लागतो.)

नेव्हिल : डग, काय करतोयस? डग. अरे, लढाई चालू आहे.

डग : कुठली लढाई? मी केकला आलोय. वाढदिवसाला बोलावतात तसा.

नेव्हिल : माझं जरा ऐक तरी.

डग : तुझे ते लाल स्विस आठवतात?

नेव्हिल : त्यांचा इथे काय संबंध?

डग : किती सुंदर रंगवले होतेस. बटणंसुद्धा दिसायची. पहिल्या लढाईत पळाले. दुसऱ्या खेपेला पळाले. मग पळतच राहिले. तुझी कॅरन शाळेत होती तेव्हापासून तिच्या लग्नापर्यंत ते तुझ्या फळीवर कोरी काठी घेऊन उभे होते. मी एकदा तरी सोडलं? तू माझ्या पाया पडायचा बाकी होतास.

नेव्हिल : नाताळच्या दिवशीसुद्धा सोडलं नाहीस. नाताळ आहे म्हटलं, तरी नाही.

डग : आणि शेवटी ज्या दिवशी टिकले, त्या दिवशी मी माझ्या हाताने निशाण लावलं. तेव्हा काय केलंस?

नेव्हिल : काही नाही केलं.

नोएलीन : रडला. मला म्हणाला, गोंदाचा वास डोळ्यांत गेला. लग्नात एवढा रडला नव्हता. कॅरनच्या म्हणत नाहीये, आमच्या.

डग : मग ते निशाण मी नाताळला तुला भेट दिलं असतं तर? ठेवलं असतंस?

नेव्हिल : तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

डग : काय वेगळं होतं?

नेव्हिल : तुला माहितीये काय वेगळं होतं.

डग : तोंडाने सांग. सकाळपासून मला तोंडाने विचार करायला लावतोयस, आता तू कर.

नोएलीन : हा नाही सांगणार, मी सांगते. तुला झटका आला त्या दिवसापासून ह्याला धड झोप नाही, डग. तू इथे त्याच खुर्चीत, हातात फासे धरून बसला होतास, आणि हा समोर वाट बघत बसला. मी चहा घेऊन आले आणि तुझं तोंड वाकडं झालेलं मला दिसलं. ह्याला दिसलं नव्हतं. तू गप्प झालास की हा काहीबाही बडबडत सुटतो आता. रेडिओवर मॅचसुद्धा लावू देत नाही, तुझा आवाज ऐकू यायला हवा म्हणून.

नेव्हिल : मला वाटलं तू खेळी शोधतोयस. मी आपला बसलो. पुलावर येशील की नदीतून, एवढंच माझ्या डोक्यात. समोर माणूस जातोय आणि मी...

डग : मग? मी कधी पटकन खेळलोय? माझ्या एका खेळीत तू हिरवळ कापून परत आला आहेस. खरं सांगू का, मलाही वाटलं मी विचार करतोय.

नेव्हिल : हसण्यावारी नेऊ नकोस.

डग : नेणार. झटका माझा आहे, मी कुठेही नेईन. तुझ्यावर राग नव्हता नेव्ह, एक दिवस नव्हता. आज आलाय.

नोएलीन : एका केकवरून?

डग : केकवरूनच. नोएलीन, माझी मुलगी ताटातलं मांस बारीक कापून समोर ठेवते. शेजारचा माझा कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवतो, विचारत नाही. बँकेतला पोरगा माझ्याशी ओरडून बोलतो, जणू झटका कानालाच आला होता. सगळे जपतात मला. चांगली माणसं आहेत, मी काही बोलत नाही. पण एक जागा उरली होती, जिथे समोरचा माणूस मला मनापासून मारायला टपलेला असायचा. ते हे टेबल. त्यासाठी मी हिवाळाभर डाव्या हाताने पट्टे काढले. आणि हा माणूस साय लावून मला केक देतोय.

नोएलीन : साय मी लावली.

डग : साय उत्तम असेल. नेव्ह, तू खरं खेळणार असशील तर मी बसतो. नाहीतर ही पेटी उचलतो आणि घरी जातो, आणि पुढच्या शनिवारी माझी वाट बघू नकोस. त्या पुढच्याही नाही. खुंट्या आहेत माझ्याकडे, भोकं आहेत. जाईल वेळ.

नोएलीन : नेव्हिल, काहीतरी म्हण.

नेव्हिल : परत ठेव ते.

डग : कुठे?

नेव्हिल : होते तिथे. शेतघराच्या पुढे, उघड्यावर. तुला हौस आहे ना? ठेव. तो आंधळा ढोलवाला सगळ्यात पुढे ठेव, त्याला काय येतंय ते दिसणार नाही तेवढंच बरं. नोएलीन, कोपर काढ तिथून, माझ्या घोड्यांच्या वाटेत आहे.

नोएलीन : माझा केक?

नेव्हिल : तो नदीत ठेव. ही बघ डग, ही टेप. घोड्याच्या नाकापासून लावतोय. बघतोयस ना? झाडीतून बाहेर, ओढ्यापलीकडे, तुझ्या उजव्या बाजूला. पोचतात. वर वीतभर उरते. माझी तलवार उपसलेली आहे आणि तुझ्या मिशीवाल्या साहेबाला मी आधी मारणार आहे.

डग : आता कसं.

नेव्हिल : आता कसं काय? तीन महिने रंगवलेस, आता गोळा करत बस. तुझ्या आजोळचे लोक मेंढ्या पाळायचे ना? तशीच तुझी पलटण हाकणार आहे.

डग : बोल, बोल. किती दिवसांनी बोललास.

नोएलीन : मला कुणी सांगेल का काय चाललंय? तुम्ही भांडताय की खेळताय?

नेव्हिल : घोडे अंगावर आले की पायदळाने चौकोन बांधायचा. चारी बाजूंना संगिनी, घोडा आत शिरत नाही. वेळेत बांधला तर ती पलटण टिकली. नाही बांधला तर संपलं.

नोएलीन : आणि बांधला की नाही ते कोण ठरवतं?

डग : हे दोन फासे. जुन्या पलटणीला सात पुरतात. नव्यांना नऊ लागतात.

नोएलीन : नऊ म्हणजे बरेच झाले.

डग : म्हणूनच नवे पळतात. दे इकडे. नाही, हातात नको देऊस, टेबलावर ठेव, मी उचलतो. माझी बोटं अजून जरा... हं. आले.

नेव्हिल : सावकाश.

डग : नेव्ह.

नेव्हिल : सावकाश नाही. टाक लवकर, घोडे थांबत नाहीत.

डग : हे गेले.

नोएलीन : एक पडला खाली.

नेव्हिल : टेबलावर चार. दुसरा कुठे गेला? थांब, वाकतो... आई गं, गुडघा. हीटरखाली नाही... हां, रंगाच्या डब्याला टेकलाय. सहा. डग, सहा आहेत. चार आणि सहा.

नोएलीन : म्हणजे दहा. नऊ हवे होते. म्हणजे चांगलं ना?

डग : चांगलं. पण जमिनीवर.

नोएलीन : मग काय झालं? सहा ते सहाच.

डग : जमिनीवरचा फासा मोजत नाहीत.

नोएलीन : तुझा हात असा आहे म्हणून पडला ना तो. नेव्हिल, तू तरी सांग.

नेव्हिल : डग, मी शपथेवर सांगतो, मी हात लावलेला नाही. सहा वर आहेत. स्वच्छ सहा आहेत.

डग : स्वच्छच असतील. तुझा पडला असता तर मी मोजला असता?

नेव्हिल : नाही.

डग : त्या नाताळच्या दिवशी पडला असता तरी?

नेव्हिल : नाही. तू तो बाहेर फेकला असतास.

डग : मग उचल आणि इथे ठेव. परत टाकतो. आणि ह्या वेळी टेबलावर पडेल.

नेव्हिल : हा घे.

डग : बघ, पडला की नाही टेबलावर.

नोएलीन : दोन.

नेव्हिल : दोन. चार आणि दोन.

नोएलीन : मी त्या सहाला तिथेच धरून बसले असते. मला वेड लागेल तुमच्याबरोबर.

नेव्हिल : पळाले, डग.

डग : बघतोय मी. ने त्यांना. मीच नेतो. शेतघर गेलं, ओढा गेला, टेकडी गेली. कसे पळतायत बघ. टेबलाच्या कडेपर्यंत. मिशीवाला साहेब सगळ्यात पुढे.

नेव्हिल : शेजारची पलटणसुद्धा घेऊन गेले. तुझी सगळी उजवी बाजू उघडी पडली.

डग : सगळीच्या सगळी. काय घाण पळाले रे.

नोएलीन : डग, तू हसतोयस की... तुला बरं वाटत नाहीये का?

डग : हसतोय. नवा रंग पळतो नोएलीन, सगळ्यांचा पळतो. ह्याचा पळाला, माझा उजव्या हाताचा पळायचा, आणि हा डाव्या हाताचाही पळाला. म्हणजे खरा रंगच आहे हा. बालवाडीतल्या खुंट्या नाहीत.

नोएलीन : मला ह्यातलं ओ की ठो कळलेलं नाही. केक कापू का?

डग : काप. जो जिंकतोय त्याला मोठा तुकडा.

नेव्हिल : म्हणजे मला. साय जास्त घाल. डग, एक सांगू? निशाण तयार आहे माझ्याकडे. पिवळं, वर दोन डोक्यांचा गरुड, भिंगाखाली पीस न् पीस काढलंय. तू इस्पितळात होतास तेव्हाच करायला घेतलं होतं. लावत नाही, नुसतं घरी ने. उशाशी ठेव.

डग : दाखव.

नेव्हिल : हे बघ.

डग : डाव्या डोक्याची चोच वाकडी आहे.

नेव्हिल : वारा होता.

डग : सुंदर झालंय, नेव्ह. डब्यात ठेव. झाकण घट्ट लाव. आणि गोंद सुकू देऊ नकोस.

नेव्हिल : पुढच्या शनिवारी परत भिंतीपुढे उभे करणार?

डग : भिंत सोड. ओढ्यापलीकडे. तुझ्या घोड्यांना दिसतील असे.

नेव्हिल : खाऊन टाकीन.

डग : बघू. आता ह्या उघड्या बाजूचं काय करायचं ते पाहू दे मला.

नोएलीन : हा घे, डग, तुझा तुकडा. बारीक कापलेला नाही, काट्याने तूच तोड. डग? गप्प का झाला हा? नेव्हिल.

नेव्हिल : डग.

डग : विचार करतोय.

नेव्हिल : कर. घाई नाही.